आयपी बदलण्याची सुरक्षित पद्धत

११ जुलै २०२५, शुक्रवार. मानवत.

सकाळच्या मीटिंगमध्ये लाइन पुन्हा गेली. पुण्यातल्या एका क्लायंटला त्यांचं नेटवर्क का तुटतं ते मी समजावत होते आणि माझंच तुटलं. परत जोडले गेले तेव्हा मॅनेजर म्हणत होते, महेश्वरीला तिकडे बहुतेक झाडावर चढून बोलावं लागतं. सगळे हसले. मीही हसले. कॅमेरा चालू होता.

दुपारी नकाशाच्या अ‍ॅपवर आमच्या इंटरनेटवाल्याच्या दुकानाखाली अभिप्राय लिहिला. त्यासाठी नवा ईमेल काढला. नाव ‘एक ग्राहक’. मजकूर इथे उतरवून ठेवते:

‘सकाळी साडेदहा ते अकरा पॅकेट लॉस चौदा टक्के. जिटर अस्वीकारार्ह. तक्रार केल्यास मालक राउटर बंद करून चालू करायला सांगतात. हे निदान नव्हे. एक स्टार.’

पुन्हा वाचला. पॅकेट लॉस म्हणजे वाटेत गळालेला डेटा, जिटर म्हणजे त्याचं मागेपुढे पोहोचणं; दोन्ही मोजून लिहिलेत. रागाचा एक शब्द नाही. लिहिणारा कोण हे ओळखता येईल असं त्यात काहीच नाही.

दुकान शंभूमामांचं आहे. आईचे सख्खे धाकटे भाऊ. पण अभिप्राय सेवेबद्दल आहे, नात्याबद्दल नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. मला येतात.

१३ जुलै, रविवार. रात्री.

मामा-मामी जेवायला आले होते. मामांनी दुसरी भाकरी घेतली नाही. खिशातून मोबाइल काढून अप्पांपुढे धरला. दाजी, बघा, लोक कसे हायेत. रात्रंदिवस खांबावर चढून मरायलोय मी, आन् हे कुनीतरी एक स्टार देऊन गेलंय.

अप्पांनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, भाषा चांगली आहे.

मामा म्हणाले, आयपी निघतो म्हनं. कुन्या घरातून लिवलंय ते समजतं. एकदा समजू द्या. त्या घरात पुन्ना पाय ठिवनार न्हाई मी. मग ते कुनाचं बी आसू द्या.

मग माझ्याकडे वळले. मही, तू तर ह्यातलीच हायेस माय. तूच काढ.

मी म्हटलं, बघते.

आई वाढत होती. तिच्या हातातली पळी थांबली नाही, पण तिने मामांना विचारलं, अन् पंचमीला? मामा म्हणाले, अक्का, तुझ्याकडं तर येनारच की, तुझा काय संबंध. मुराळी हुन येतो. न्यायलाच येतो.

हे लिहून ठेवणं आवश्यक आहे. ताईच्या लग्नाचं बोलावणं द्यायला अप्पा मामांकडे स्वतः गेले नाहीत, माणूस पाठवला. मामा लग्नाला आले नाहीत. त्यानंतर सात वर्षं बहीणभाऊ बोलले नाहीत. माहेर तीन गल्ल्या पलीकडे, आणि दर पंचमीला आई शेजारणींचे भाऊ येताना बघत ओट्यावर बसायची. मागच्या वर्षी मी पुणं सोडून घरून काम करायचं ठरवलं. गल्लीत लाइन फक्त मामांची. मी फोन केला आणि मामा स्वतः शिडी घेऊन आले. आईने शिडी धरली. तेव्हापासून बोलणं सुरू आहे. या पंचमीला ती आठ वर्षांनी माहेरी जाणार. बॅग माळ्यावरून खाली काढून झाली आहे. पंचमीला अजून दोन आठवडे आहेत.

मामांना कळलं तर ती बॅग परत माळ्यावर जाईल.

अभिप्राय आत्ताच काढून टाकावा, हा पहिला विचार. पण मामांचं आजचं बोलणं आमच्याच घरात झालं. आज रात्री अभिप्राय गायब झाला, तर तो ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकीच कुणीतरी काढला, हे मामींनाही कळेल. तेव्हा काढायचा नाही. शांत राहायचं.

मी शांत आहे. दुसरी भाकरी मीही घेतली नव्हती, पण त्याचं कारण वेगळं होतं.

१४ जुलै, सोमवार

परिस्थितीचं विश्लेषण. एक, अ‍ॅप दुकानदाराला कुणाचाही आयपी देत नाही. दोन, आयपी आज बदलला तरी शुक्रवारची नोंद शुक्रवारचीच राहते. म्हणजे मामांना काही कळणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे आणि मी आयपी बदलण्याचा काही उपयोग नाही.

निर्णय: आयपी बदलायचा.

यात भीतीचा संबंध नाही. कुलूप लावल्यावर आपण ओढून बघतोच.

पद्धत सोपी. राउटर बराच वेळ बंद ठेवायचा. चालू केला की मामांच्या दुकानातलं मशीन नवा पत्ता देतं. जेवणाच्या सुट्टीत बंद केला.

वरणभात संपायच्या आत दारात स्कूटर. मामा.

हे मला माहीत नव्हतं: दुकानात भिंतीवर एक स्क्रीन आहे, त्यावर प्रत्येक घराचा एक दिवा. लाइन चालू असली की हिरवा, गेली की लाल. आमचा दिवा मामांनी सगळ्यात वर ठेवलाय. तुमचा लाल दिसला की मला घास जात न्हाई, म्हणाले. मी म्हटलं, प्लग सैल झाला होता. त्यांनी प्लग दाबून पाहिला. आईने चहा केला. चहा संपला तरी मामा बसून राहिले. आनखी काय मही, म्हणाले. मी म्हटलं, काही नाही.

स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाशी जाईपर्यंत मी दारातच उभी होते.

१५ जुलै, मंगळवार

निकाल: राउटरचा आतला पत्ता बदलला. बाहेर जगाला दिसणारा पत्ता मात्र तोच.

थोडं खोदल्यावर कारण कळलं. मामांनी सगळ्या गावाला मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय. मोंढ्यातली अडत दुकानं, दवाखाना, शाळा, आम्ही, एवढंच काय, खुद्द मामांचं दुकान. इंटरनेटवर आम्ही सगळे एकाच घरातले. म्हणजे पत्ता सापडला तरी माणूस सापडत नाही. मी पूर्णपणे सुरक्षित आहे.

दुपारी दोन घास जास्त जेवले.

संध्याकाळी आठवलं की कुठल्या घराने कधी काय केलं याची नोंद मामांच्या मशीनमध्ये राहत असणार. मामांना ती वाचता येत नाही. पण वाचणारा आणता येतो.

संकल्प: उद्या राउटरचा ओळख क्रमांकच बदलायचा. मग आमचा राउटर तो राहणारच नाही.

१६ जुलै, बुधवार

ओळख क्रमांक बदलला. मामांच्या मशीनने हा कोण परका राउटर म्हणून आम्हाला बाहेर काढलं. दिवा लाल.

या वेळी मामा शिडी घेऊन आले. आईने शिडी धरली आणि वर बघत राहिली, शंभू, सांभाळून रे, शंभू, तारेला हात नको लावू. मामा वरून म्हणाले, अक्का, तारेला हात लावल्याबिगर तार कशी नीट करू. खाली उतरून त्यांनी राउटर उलटा-पालटा करून पाहिला. ह्याला कुनी हात लावला का? मी म्हटलं, व्होल्टेज कमीजास्त होतंय.

पुन्हा चहा. पुन्हा बसून राहिले. मही, तुला काई बोलायचं हाय का? मी म्हटलं, नाही मामा. मामा बरं म्हणाले.

प्रश्न सर्वसाधारण होता. त्यात काही अर्थ शोधू नये. रात्री त्यातच अर्थ शोधत बसले.

१८ जुलै, शुक्रवार

मामी हळदीकुंकवाला येऊन गेल्या. तपासाची माहिती मिळाली. मामा सगळ्या बाजारात ते पॅकेट लॉस काय असतं ते विचारत फिरताहेत. मेडिकलवाल्याला माहीत नाही. बियाणंवाल्याला माहीत नाही. कुरिअरवाला म्हणाला, आमच्याकडून एकही पॅकेट हरवलं नाही, आणि उलट मामांवरच रागावला. जिटर तर कुणी ऐकलेलंच नाही. शेजारच्या सटवाजीकाकांवर संशय होता, कारण ते एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्तीपासून प्रत्येक गोष्टीची तक्रार करतात. पण मामा म्हणाले, सटवाजीनं लिवलं आसतं तर चार पानं लिवलं आसतं आन् खाली सही केली आसती.

मामी म्हणाल्या, गावात ह्या शब्दाचं कुनी हायच न्हाई माय. तुला ठाव आसंल म्हना, तू शिकलीयस.

तपास पूर्ण भरकटला आहे. समाधानकारक.

मामी हे बोलताना माझ्याकडे बघत होत्या का ते आईला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

२० जुलै, रविवार

मामांना अहवाल वाचून दाखवला. दोन पानं, आकृतीसह. निष्कर्ष: गुन्हेगार निश्चित करता येत नाही. आवाज स्थिर ठेवला. आकृती दोनदा समजावली.

मामांनी लक्ष देऊन ऐकलं. म्हंजी समद्या गावाचा बाहेर एकच नंबर? हो. त्यात तुमचं घर बी आलं? हो. आन् माझं दुकान बी? हो, मामा. मामा विचार करून म्हणाले, मग मीच लिवलं आसंल. झोपंत.

मी हसले. गरजेपेक्षा जरा जास्त वेळ हसले. बाकी कुणी हसत नव्हतं.

जाताना दारात म्हणाले, एवढी मेहनत घेतलीस, बरं वाटलं. हे टोमण्यासारखं नव्हतं. त्यानेच जास्त भीती वाटली.

भीती हा शब्द चुकला. अस्वस्थता.

२२ जुलै, मंगळवार

एका आठवड्यात पंचमी. अभिप्राय काढून टाकायचं ठरवलं. पुरेसे दिवस गेलेत, आता कुणी आमच्या घराशी जोडणार नाही. तरी खबरदारी म्हणून घरून करायचं नाही. बसस्टँडवर गेले, परभणीच्या गाडीच्या रांगेत उभी राहिले, ओढणी डोक्यावरून घेतली आणि मोबाइलच्या वेगळ्या सिमवरून लॉगिन केलं.

अ‍ॅप म्हणालं, हा पत्ता ओळखीचा नाही. तुम्ही खरंच तुम्हीच आहात का ते सिद्ध करा.

कोड त्या नव्या ईमेलवर गेला. ईमेल म्हणाला, हा पत्ता ओळखीचा नाही. सिद्ध करा. ईमेलला फोन नंबर दिलेला नाही, कारण माग राहू नये. तीन वेळा प्रयत्न केला. खातं बंद झालं.

घरून केलं असतं तर उघडलं असतं. तिथून आधी एकदा उघडलेलं होतं.

आता अभिप्राय मलाही काढता येत नाही. माझी सुरक्षा व्यवस्था अभेद्य आहे, एवढं तरी सिद्ध झालं.

रांगेतल्या एका बाई म्हणाल्या, पोरी, तब्येत बरी न्हाई का, बस खाली. बसले.

२४ जुलै, गुरुवार

सकाळी मामांचा आईला फोन. आईने स्पीकर लावला होता. परभणीहून एक जाणकार माणूस आलाय, दुकानात मशीन बघायलाय, कोण कुठून काय करतंय ते समदं निघतं म्हनतोय.

आई म्हणाली, निघू दे बाबा एकदाचं, तुझ्या जिवाचा घोर तरी जाईल. आणि माझ्याकडे बघून विचारलं, तुझी एखादी जुनी ओढणी आहे का, मामीसाठी भांडी बांधून न्यायची आहेत.

मी खोलीत जाऊन राउटर बंद केला. त्या क्षणी तर्क असा होता की आमचा दिवा लाल असेल तर आमचं घर त्या माणसाला दिसणार नाही. तर्क कच्चा आहे हे बटण दाबल्यावर लक्षात आलं. लाल दिवाच आधी दिसतो.

स्कूटर. मामा त्या माणसाला दुकानात तसंच बसवून आले होते. घामाने शर्ट भिजला होता. राउटरकडे पाहिलं. बटण बंद आहे हे त्यांना दिसलं, त्यांना दिसलं हे मला दिसलं. त्यांनी बटण चालू केलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

बोल, म्हणाले.

मी म्हटलं, मामा, चहा?

कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, ठिव.

२६ जुलै, शनिवार

मामांनी जाहीर केलं की माझी लाइन लय येळा जायलीय, नोकरीचा प्रश्न हाय, आता येगळी ओढतो. थेट दुकानातून आमच्या घरापर्यंत नवी फायबर. गावाच्या डब्यात मिसळायची नाही. बाहेरचा पत्ताही स्वतंत्र, फक्त माझा, माझ्या नावावर, कधी न बदलणारा. त्यासाठी परभणीच्याच माणसाकडून कागद करून घेतले. आधार कार्डाची प्रत मामांनी आईकडून नेली होती.

मी म्हटलं, मामा, इतकं नको. सगळ्यांच्यात आहे तेच चांगलं आहे. मामा म्हणाले, गप ग. भाचीला कुनाच्या वाटनीतलं देऊ का?

दिवसभर खांबावर होते. आईने तीन वेळा शिडी धरली.

२८ जुलै, सोमवार

नवी लाइन सुरू. तपासलं. पॅकेट लॉस शून्य. बाहेरचा आयपी बदललेला आहे. दोन आठवड्यांपूर्वी ठरवलेलं उद्दिष्ट पूर्ण झालं.

आजवर मी अख्ख्या मानवतमध्ये लपलेली होते. आता इंटरनेटवर स्वतःच्या नावाची पाटी असलेलं गावातलं एकमेव घर आमचं आहे.

आईने बॅग भरली, रिकामी केली, परत भरली. मामीसाठी घेतलेलं पातळ वर ठेवलं. तीन गल्ल्यांसाठी एवढी बॅग कशाला, असं अप्पा म्हणाले, तर म्हणाली, माहेरी जाताना पिशवी न्हेतात का? हातांना मेंदी लावून मला म्हणाली, मला एक घास भरव. भरवला. भाजी लावायची विसरले. ती म्हणाली, कामाचा लय ताण घ्यायलीस तू.

उद्या मामा आले तर.

उद्या मामा येतील.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.

मामा आले. नवा शर्ट, डोक्यावर टोपी. अप्पा स्वतः दारात गेले, या शंभुराज म्हणाले. आठ वर्षांपूर्वी एवढंच करायचं होतं.

आई आत पदर नीट करत होती. मामा थेट माझ्या खोलीत आले. राउटर बघतो, म्हणाले. दार त्यांनी थोडं लोटून घेतलं. हळू बोलले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

आदी लाइन खरंच खराब व्हती का?

मी म्हटलं, होती.

चौदा टक्के?

हो.

मग मला सांगायचं की माय. गावाला कामून सांगितलं?

दोन पानांचा अहवाल तयार होता, त्यात हे नव्हतं.

मामा म्हणाले, शबूद तुझेच व्हते, तवाच वळखलं. त्या दिशी जेवताना बोललो ते तुझ्यासाठीच बोललो. म्हन्लं, आता सांगंल. न्हाई सांगितलंस. मग तू दिवा लाल केलास. मला वाटलं, लाजायलीय पोरगी, तोंडानं येत न्हाई, म्हनून बलवायलीय. आलो. च्या दिलास. पुन्ना लाल केलास. पुन्ना आलो. तिसऱ्या डावाला तर परभनीच्या मानसाला सोडून आलो, खुर्ची टाकून बसलो. तवा बी च्याच.

मी म्हटलं, मामा, तुम्ही म्हणाला होतात त्या घरात पाय ठेवणार नाही.

रागात म्हन्लं. तवापासून रोजच ठिवायलो की पाय.

बाहेरून आईने हाक मारली. शंभू, काय बघायलास त्या डब्बीत, चल की, ऊन व्हायलंय. मामा आलो आलो म्हणाले. राउटरवरचा धूळ नसलेला भाग हाताने पुसला. जाताना एवढंच म्हणाले, वाईट व्हतं तवा लिवलंस. आता बरं झालंय, तर ते बी लिव.

आई स्कूटरवर मागे बसली. बॅग मांडीवर. गल्लीतल्या बायका बघत होत्या. ती कुणाकडेच बघत नव्हती, सरळ पुढे.

३० जुलै, बुधवार

घर शांत. अप्पांनी खिचडी केली. भीतीचं काहीच कारण नव्हतं, हे मी १४ तारखेलाच लिहून ठेवलं होतं. विश्लेषण बरोबर होतं.

सकाळी अभिप्राय लिहिला. स्वतःच्या नावाने, पूर्ण नावाने, महेश्वरी बसवंतराव. ‘नवी लाइन टाकल्यापासून पॅकेट लॉस शून्य. तक्रार न करताही मालक येतात. पाच स्टार.’ यात एकही अतिशयोक्ती नाही. पाठवला.

अ‍ॅपने नाकारला, नवी लाइन थेट दुकानातून येते म्हणून. हा अभिप्राय त्याच व्यवसायाच्या नेटवर्कवरून आल्यासारखा दिसतो, त्यामुळे प्रामाणिक धरता येत नाही. कृपया दुसऱ्या ठिकाणाहून प्रयत्न करा.

‘एक ग्राहक’चा एक स्टार तिथेच आहे. तो काढता येत नाही. तो प्रामाणिक धरलेला आहे.

म्हणजे आता पुन्हा आयपी बदलायला हवा. पद्धत माहीत आहे. राउटरच्या बटणाकडे हात नेला. नवा पत्ता बंद करूनही बदलत नाही, हे आठवायला थोडा वेळ लागला. तोवर बोट बटणावरच होतं. दाबलं असतं तर मामा आले असते, जेवण सोडून, आणि आईने विचारलं असतं काय झालं.

बोट काढलं. मामांना फोन केला. या महिन्यात मी त्यांना केलेला हा पहिला फोन.

मागे आईचा हसण्याचा आवाज येत होता. मामांनी विचारलं, काय ग, लाल झाली का?

मी म्हटलं, नाही मामा. हिरवी आहे.

मग?

पुढचं वाक्य मी तयार केलेलं नव्हतं, तरी या वेळी गावाला नाही, त्यांनाच सांगायला लागले. मामा लाइनवर थांबून राहिले.